फेस, खार आणि इसब : डोके हळुवार धुण्याचा इतिहास

धागा मोठा आहे. सवडीने वाचा, जमल्यास चहा घेऊन बसा.

१/
डोके कशाने धुवावे, हा प्रश्न निरोगी टाळूच्या माणसाला आयुष्यभर पडत नाही. दुकानात जी बाटली पुढे दिसते ती तो उचलतो. टाळूवर इसब असलेल्या माणसाला मात्र हा प्रश्न आठवड्यातून दोनतीनदा, न्हाणीघराच्या दारात उभे असताना पडतो. धुतले तर आग होते, न धुतले तर खाज सुटते, खपल्या धरतात, आणि काळा सदरा घालण्याची सोय उरत नाही. अकरावीपासून मी या गटात आहे. तेव्हा पुढील मजकूर सर्वस्वी तटस्थपणे लिहिला आहे, असा दावा करणार नाही.

२/
या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो ‘पूर्वी सारे नैसर्गिक होते, मग रसायने आली’ इतका सरळ नाही. खरे तर तो बराच उलटसुलट आहे. प्राचीन ग्रंथांत दाहक क्षार सापडतो आणि कारखान्यात सौम्यपणा सापडतो. उलटही सापडते.

३/
आधी शब्द पाहू. मराठीत अंघोळ आणि न्हाणे हे दोन वेगळे व्यवहार होते. अंघोळ रोजची, अंगावरची. न्हाणे म्हणजे डोक्यावरून. ‘आज न्हायचे आहे’ म्हटले की घरात बंब लवकर पेटे, तेल कोमट होई, शिकेकाई उकळे आणि त्या दिवशीची निम्मी कामे मागे पडत. आठवड्याचा वार ठरलेला असे. लांब केस, पाण्याची ओढ आणि वाळवायला लागणारे ऊन यांचा हा हिशेब होता. रोज डोके धुणे ही कल्पनाच अलीकडची. नळ, छोटे केस आणि जाहिरात या तिघांनी मिळून ती रुजवली.

४/
‘एक्झिमा’ हा शब्द ग्रीक. मूळ अर्थ उकळून वर येणे, उतू जाणे. सहाव्या शतकातला वैद्य अमिडाचा एटियस याच्या लेखनात तो येतो. आजच्या अर्थाच्या जवळ तो आणला लंडनच्या रॉबर्ट विलन आणि त्याचा शिष्य थॉमस बेटमन यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. विलनची पद्धत फार साधी होती: रोगाचे कारण माहीत नसेल तर निदान डोळ्यांना काय दिसते ते नीट लिहावे. फोड, पुरळ, खवले, खपली, एकेकाचे वेगळे नाव. त्वचारोगशास्त्राची पहिली शिस्त ही अशी नुसत्या निरीक्षणातून आली.

५/
आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘क्षुद्ररोग’ या सदरात डोक्याच्या दोन व्याधी येतात. एक दारुणक: केसांची भूमी खरखरीत होते, खाजते, रुक्ष होऊन फुटते. दुसरी अरुंषिका: डोक्यावर अनेक तोंडांचे, पाझरणारे व्रण. वाचताना दारुणक म्हणजे कोंडा आणि अरुंषिका म्हणजे पाझरते इसब असे लिहून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. जुन्या रोगनामावर आजची चिठ्ठी चिकटवली की जुन्या वैद्याने नेमके काय पाहिले होते ते झाकले जाते. लक्षणे सारखी आहेत, एवढेच म्हणणे प्रामाणिक ठरेल.

६/
पण या रोगांवर डोके धुवायला काय सांगितले आहे, ते पाहण्यासारखे आहे. अरुंषिकेत कडुनिंबाचे पाणी. दारुणकात मात्र कोद्रवाच्या काडाची राख करून तिचे क्षारयुक्त पाणी! कोद्रव म्हणजे कोकणात ज्याला हरीक म्हणतात ते भरड धान्य. राखेचे पाणी हे साबणाच्या अगदी जवळचे नातेवाईक: त्यातला क्षार टाळूवरच्या तेलाशी मिसळतो आणि खवले सैल करतो. अर्थात त्याच्या आधी आणि बरोबर तेल लावायचे आहे, हेही तिथे आहेच. क्षार आणि स्नेह यांचा तोल वैद्याच्या हाती होता.

७/
म्हणजे ‘प्राचीन म्हणून सौम्य’ हे समीकरण पहिल्याच पायरीवर कोसळते. तरी एका बाबतीत जुन्या ग्रंथांचे निरीक्षण सूक्ष्म आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, दिनचर्येच्या अध्यायात, गरम पाणी मानेखाली बळ देते आणि डोक्यावर घेतल्यास केस व डोळे यांचे बळ हरते, असे म्हटले आहे. आज त्वचारोगतज्ज्ञ इसबाच्या रुग्णाला कोमट पाणीच वापरायला सांगतात. कारण कढत पाणी त्वचेतला स्निग्धांश काढून नेते आणि खाज वाढवते. दोन्हींची कारणमीमांसा वेगळी, सूचना एकच.

८/
आता शिकेकाई. नावातला ‘काई’ हा द्राविड भाषांतला, म्हणजे फळ किंवा शेंग. कन्नडात सीगेकायी, तमिळमध्येही जवळपास तसेच. सह्याद्रीच्या जंगलात चढणारी ही काटेरी वेल. तिच्या शेंगांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. साबणही हेच करतो. फरक असा की शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि साबणाचे पाणी नेहमी आम्लारिधर्मी. हा फरक लक्षात असू द्या, पुढचा सगळा धागा त्यावर उभा आहे.

९/
शिकेकाई टिकण्याचे आणखी एक कारण आहे, ते क्वचितच कोणी सांगते: विहिरीचे पाणी. दख्खनच्या पुष्कळ गावांत पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असलेले. अशा पाण्यात साबण फेस देत नाही. त्याची चिकट पांढरी साय होते आणि ती केसांवर, टाळूवर बसते. बादलीच्या काठाला धरणारा राखाडी थर तोच. सॅपोनिनची अशी साय होत नाही. ज्या प्रदेशात पाणी जड, तिथे शिकेकाई-रिठा ही केवळ परंपरा नव्हती, ती पाण्याशी केलेली तडजोड होती.

१०/
पण शिकेकाईचे गोडवे गाताना हात जरा आखडता घ्यावा. आमच्या आत्या शेंगा रात्रभर भिजवून, सकाळी उकळून, पाणी फडक्याने गाळून घेत. हल्ली पाकिटातली पूड थेट डोक्यावर चोळतात. वस्तू तीच, क्रिया वेगळी. फुटलेल्या, ओल्या इसबावर पुडीचे कण म्हणजे घासकागद. रिठा तर शिकेकाईहून तिखट. त्याचे पाणी डोळ्यांत गेले की काय होते ते ज्याला माहीत आहे त्याला समजावून सांगायला नको. रिठ्याच्या जातीतल्या फळांनी ओढ्यातले मासे गुंगवून पकडत, एवढे सांगितले तरी पुरे. लिंबाच्या रसाबद्दल इसबवाल्यांनी मला काही विचारू नये.

११/
युरोपकडे वळण्याआधी एक पाटण्याचा माणूस. शेख दीन मुहम्मद, जन्म १७५९. कंपनीच्या बंगाल फौजेत वाढला, आयर्लंडला गेला, १७९४ मध्ये इंग्रजीत प्रवासवर्णन छापले. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारा तो पहिला भारतीय मानला जातो. पुढे ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर त्याने वाफेचे स्नानगृह काढले, १८२२ मध्ये ‘शॅम्पूइंग’वर पुस्तक लिहिले आणि राजा चौथा जॉर्ज याचा ‘शॅम्पूइंग सर्जन’ झाला.

१२/
मात्र त्या शॅम्पूत केस धुणे नव्हते. तो होता चंपीचा भाऊ: अंग चेपणे, रगडणे. चांपणे या क्रियेतून इंग्रजीत शब्द गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू त्याचा अर्थ ‘डोके धुणे’ असा सरकला. मग तोच शब्द बाटलीत भरून आपल्याकडे परत आला. चंपीत तेल लावतात, शॅम्पूने तेल काढतात. शब्दाने एवढी कोलांटी क्वचितच मारली असेल.

१३/
त्या काळी युरोपात डोके धुवायला होते काय? साबणाचा कीस पाण्यात विरघळवून, टाकणखार, कधी अमोनिया, कधी अंड्याचा बलक. बलक सोडला तर सगळेच आम्लारिधर्मी. निरोगी माणूस ते सोसत होता. इसबाच्या रुग्णाचे काय होत असेल, याचे उत्तर व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात मिळते.

१४/
तिथे फर्डिनांड फॉन हेब्रा (१८१६–१८८०) यांचा त्वचारोग विभाग होता. हेब्रांचे मोठेपण निर्विवाद. त्वचेचा रोग म्हणजे रक्तातले दूषित रस बाहेर पडणे, तो दाबू नये, अशी जुनी समजूत होती. इसब बरे केले तर रोग आत शिरेल म्हणून लोक उपचारच टाळत. हेब्रांनी सांगितले, त्वचेचा रोग त्वचेचा आहे, बाहेरून उपचार करा. पण त्यांच्या उपचारांतले एक आवडते द्रव्य म्हणजे पोटॅशियमचा मऊ, हिरवा साबण. जुनाट जाड इसबावर तो चोळून खवले काढायचे, मग डांबर लावायचे. जुनाट इसबाला याने आराम पडे, ताज्या इसबाचे हाल होत. इतिहासात असे नेहमी दिसते: मुख्य सिद्धान्त बरोबर असलेल्या माणसाच्या हातात अवजार मात्र राकट असते.

१५/
हॅम्बर्गच्या पाउल गेर्सन उन्ना यांना हे राकटपण जाणवले. १८८०च्या दशकात त्यांनी असा साबण सुचवला की ज्यात मोकळा क्षार उरणार नाही, उलट थोडी चरबी जास्तीची राहील. सौम्य साबणाचा, माझ्या मते, हा पहिला जाणीवपूर्वक शास्त्रीय प्रयत्न. १८८७ मध्ये त्यांनीच ‘सेबोऱ्हिक एक्झिमा’ हे वर्णन मांडले: टाळू, भुवया, नाकाच्या कडा, जिथे तेलग्रंथी जास्त तिथले तांबूस, तेलकट खवल्यांचे इसब. आज ज्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात त्याची ही पहिली स्पष्ट ओळख.

१६/
इथे थांबून एक भेद करून घ्यावा, कारण ‘टाळूचे इसब’ या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी वावरतात. पहिली, जन्मजात कल असलेले कोरडे इसब. ज्यात त्वचेची भिंतच कच्ची असते. दुसरी, उन्नांचे तेलकट इसब. ज्यात मॅलॅसेझिया नावाच्या किण्वाचा हात असतो. तिसरी, कशाच्या तरी संपर्काने उठणारे. केसांचा रंग, सुगंध, परिरक्षक. पहिल्याला कमी धुणे मानवते, दुसऱ्याला बहुधा नियमित धुणे लागते, तिसऱ्याला कारण सापडेपर्यंत काहीच मानवत नाही. शेजारच्या काकूंचा रामबाण उपाय आपल्याला का लागू पडत नाही, त्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. कोणते इसब आहे हे त्वचारोगतज्ज्ञाने पाहून सांगायचे. माझा धागा वाचून ठरवायचे नाही.

१७/
त्या किण्वाची कथाही वळणाची आहे. फ्रान्सच्या लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये कोंड्याच्या खवल्यांत सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिले. रेमाँ साबुरो यांनी १९०४ मध्ये त्याला कारण म्हणून पुढे आणले. मग विसाव्या शतकाच्या मध्यात मत फिरले: कोंडा म्हणजे पेशी भराभर झडणे, किण्व तिथे नुसता राहतो. १९८४ मध्ये ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ सॅम शुस्टर यांनी किटोकोनाझोलसारख्या कवकनाशकांचा परिणाम दाखवून पुन्हा किण्वाकडे बोट केले. ज्या उपायाने रोग हटतो त्यावरून कारण ओळखायचे, असा हा उलटा तपास. या किण्वाला स्वतःची मेदाम्ले बनवता येत नाहीत, ती टाळूच्या तेलातून घ्यावी लागतात. म्हणून तेलकट इसबावर ‘रात्रभर तेल मुरव’ हा सल्ला प्रेमाचा असला तरी किण्वाच्या सोयीचा ठरू शकतो.

१८/
आता साबणाचा मुख्य दोष. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन यांनी आम्लता मोजण्याची पट्टी मांडली. आपण शाळेत जिला ‘सामू’ म्हणून शिकतो ती. हेतू बिअर नीट बनवण्याचा होता, डोके धुण्याचा नव्हे. पण एकदा मापन हाती आले की लोक सगळेच मोजू लागतात. १९२८ मध्ये हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी त्वचेचा सामू मोजून दाखवला की निरोगी त्वचा आम्लधर्मी असते, आणि या थराला नाव दिले ‘आम्लाचे प्रावरण’.

१९/
टाळूचा सामू साधारण ५.५ धरतात. साबणाचा ९ ते १०. आकडे जवळचे वाटतात, पण ही पट्टी दहापटींची आहे: साडेपाच आणि साडेनऊ यांत फरक चौपट नव्हे, दहा हजार पट. साबणाने धुतल्यावर त्वचेचा सामू वर जातो आणि खाली यायला वेळ लागतो. निरोगी त्वचा तो सावरते. इसबाच्या त्वचेचा सामू मुळातच थोडा चढा असतो. त्यात त्वचेच्या पेशी सांधून ठेवणारे स्निग्ध पदार्थ बनवणारी विकरे मंदावतात आणि सांधे तोडणारी विकरे चेकाळतात. भिंतीचा चुना पडायला लागतो, तेव्हाच गवंडी रजेवर.

२०/
मार्किओनिनी यांच्याबद्दल एक ओळ लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. पत्नी ज्यू वंशाची असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. ते अंकाऱ्याला गेले, तिथे तुर्की त्वचारोगशास्त्राच्या उभारणीत दहा वर्षे घालवली आणि युद्धानंतर परतून म्युनिकचा विभाग सांभाळला. आज बाटलीवर ‘सामू ५.५’ असे छापलेले असते. त्या आकड्याच्या मागे एक निर्वासित प्राध्यापक उभा आहे, हे बाटलीवर छापत नाहीत.

२१/
बाजाराने हे ज्ञान लवकर उचलले. बर्लिनच्या हान्स श्वार्त्सकोफ यांनी १९०३ मध्ये पाण्यात कालवायची शॅम्पूची पूड आणली होती, ती साबणाचीच. त्यांच्या कंपनीने १९३३ मध्ये क्षारमुक्त शॅम्पू काढला. साबण नसूनही स्वच्छ करणारी द्रव्ये जर्मनीत पहिल्या महायुद्धात शोधली गेली होती, कारण साबणाला लागणारी चरबी खायला पुरेना. टंचाईतून निघालेली ही वाट अमेरिकेत पोचली आणि १९३४ मध्ये तिथे ‘ड्रीन’ हा कृत्रिम शॅम्पू आला. जड पाण्यातही साय नाही, सामू हवा तसा ठेवता येतो. म्हणजे शिकेकाईचे दोन्ही गुण कारखान्यात जमले!

२२/
आणि लगेच नवा दोष निघाला. ही द्रव्ये फार चांगली धुत. इतकी की केस गवतासारखे होत. सोडियम लॉरिल सल्फेट हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. त्वचेचा दाह कसा होतो याचा अभ्यास करायचा असेल तेव्हा संशोधक मुद्दाम हेच द्रव्य लावून दाह निर्माण करतात, यात सारे आले. सामू सुधारला, पण तेल खरवडून काढण्याची ताकद वाढली. सौम्यपणाला एक नव्हे, अनेक मापे लागतात, हे इथे प्रथम उमगले.

२३/
पुढची सुधारणा आली ती तान्ह्या मुलांच्या डोळ्यांमुळे. १९५०च्या दशकात अमेरिकेत डोळ्यांना न झोंबणारा बाळांचा शॅम्पू निघाला. युक्ती अशी: दोन वेगळ्या स्वभावांची द्रव्ये एकत्र केली की त्यांचे रेणू मोठ्या पुंजक्यांत बांधले जातात, सुटे रेणू कमी उरतात, आणि त्वचेत शिरून दाह करतात ते मुख्यतः सुटे रेणूच. या मिश्रणांत पुढे नारळतेलापासून काढलेल्या बीटेनला मोठे स्थान मिळाले. आजच्या बहुतेक ‘जेंटल’ बाटल्यांच्या मागे तीच युक्ती आहे. लहानपणी आपण सगळे त्यानेच न्हायलो आणि मोठे झाल्यावर ‘खरा’ शॅम्पू मागू लागलो. खरा म्हणजे फेसाचा.

२४/
आपल्याकडचे स्थित्यंतर थोडक्यात. ‘साबण’ हा शब्द अरबीतून आला, वस्तू मध्ययुगापासून ठाऊक होती. पण वडीचा कारखानी साबण घराघरांत शिरला तो १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात विलायती पेट्या उतरू लागल्यानंतर. जनावराच्या चरबीचा संशय होताच. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८च्या सुमारास वनस्पती तेलांचा साबण काढून तो संशय फेडला. स्वदेशी, शाकाहारी, म्हणून निर्दोष! चरबीचा प्रश्न सुटला. क्षाराचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्यानंतर आलेला शिकेकाईचा साबण तर गमतीचा: नाव शेंगेचे, स्वभाव साबणाचा. शेवटी १९८०च्या दशकात तमिळनाडूच्या कडलूरमधून चिकसारख्या शॅम्पूच्या पुड्या निघाल्या आणि बाटली न परवडणाऱ्या घरांतही शॅम्पू पोचला. पुडीने स्वच्छतेत जी समता आणली तिला मी कमी लेखत नाही.

२५/
मग उरला तिसऱ्या जातीचा प्रश्न, संपर्काचा. पाण्यात बनवलेली कोणतीही वस्तू नासते, म्हणून परिरक्षक हवे. परिरक्षकाची ॲलर्जी होते. अमेरिकेतली संपर्कजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणारी संस्था दरवर्षी एका द्रव्याला ‘वर्षाचे ॲलर्जन’ म्हणून जाहीर करते. २००४ मध्ये तो मान मिळाला कोकामिडोप्रोपिल बीटेनला. होय, वर ज्याचे कौतुक केले त्याच सौम्य बीटेनला. दोष प्रामुख्याने त्याच्या निर्मितीत मागे राहणाऱ्या अशुद्ध अंशांचा. २००७ मध्ये सुगंध. २०१३ मध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन, परिरक्षक. सौम्य म्हणून निवडलेल्या गोष्टी एकेक करून त्या यादीत दिसतात, तेव्हा हसावे की खाजवावे कळत नाही.

२६/
‘हर्बल’ लिहिल्याने यांतले काही टळत नाही. वनस्पतींची सुगंधी तेले हीदेखील ॲलर्जीची कारणे आहेतच. आणि ऑलिव्हच्या तेलासारखी घरगुती वस्तू: शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांच्या त्वचेवर काही आठवडे ते लावल्यावर त्वचेची भिंत सुधारण्याऐवजी कमकुवत झालेली दिसली. माझी एवढीच तक्रार आहे की नैसर्गिक विरुद्ध रासायनिक हा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू या आकड्यांकडे पाहत नाहीत. राख नैसर्गिक होती. बाळाचा शॅम्पू कारखानी आहे.

२७/
तर या साऱ्या इतिहासातून इसबाच्या टाळूसाठी हाती काय लागते? पाणी कोमट. साबणाची वडी डोक्याला नाही, मग तिच्यावर चित्र कोणत्याही पानाचे असो. शॅम्पू सुगंधरहित, सामू साडेपाचच्या आसपासचा, आणि तळहातावर पाण्यात पातळ करून मग टाळूला. नखे नव्हे, बोटांची पेरे. भरपूर धुऊन काढणे, कारण मागे राहिलेले द्रव्य तासन्‌तास काम करत राहते. तेलकट इसब असेल तर डॉक्टरांनी दिलेला कवकनाशक शॅम्पू सांगितलेली मिनिटे टाळूवर ठेवणे. लावला नि लगेच धुतला तर तो मोरीच्या उपयोगाचा. शिकेकाई मानवत असेल तर पूड नव्हे, गाळलेले पाणी, आणि तेही फुटलेल्या, पाझरणाऱ्या त्वचेवर नाही. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहावी.

२८/
सामू कळणार कसा? बहुतेक बाटल्यांवर तो नसतो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये १२३ शॅम्पू मोजले, तेव्हा साडेपाच किंवा त्याहून कमी सामू असलेले चाळीस टक्क्यांहूनही कमी निघाले. प्रयोगशाळा नसेल तर स्वयंपाकघर आहे. हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. हळद आणि क्षार यांच्या मिलाफातूनच पिंजरेचे लाल कुंकू तयार होत आले आहे. पांढऱ्या कागदाला ओली हळद फासून वाळवा. त्यावर वडीच्या साबणाचे पाणी टाका, शिकेकाईचे टाका, मग तुमच्या शॅम्पूचे टाका.

२९/
कागद लालसर झाला तर ती वस्तू इसबाच्या डोक्यासाठी बाद. पिवळाच राहिला तर ती आम्लारिधर्मी नाही, एवढेच समजायचे. सुगंध, परिरक्षक, बीटेन यांबद्दल हळद काही सांगत नाही. त्यासाठी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात. करून पाहिलेत तर कागदाचा फोटो खाली टाका, कोणत्या पाण्याने किती लाल झाला तेही लिहा.